शहरात आलेल्या आपल्या मुलांचे पहिले दोन महिने कोण सांभाळणार?

दरवर्षी जून संपत आला की परभणी, हिंगोली, नांदेड, वाशीम, बुलढाणा, यवतमाळकडून पुण्याला येणाऱ्या गाड्यांत तरुणांची गर्दी वाढते. पाठीवर सॅक, हातात पिशवी आणि एका फाइलमध्ये जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, टीसी, गुणपत्रिका. कोणाला इंजिनिअरिंगला नंबर लागलेला असतो, कोणाला नर्सिंगला. कोणी एमपीएससीच्या तयारीला निघालेला असतो, तर कोणी चाकण-रांजणगावच्या कंपनीत कंत्राटी कामाला. या गर्दीत आपली मुले-मुली मोठ्या संख्येने असतात. अनेकांच्या घरातून शिकायला शहरात जाणारे ते पहिलेच असतात.

मुलाला प्रवेश मिळाला की वस्तीत पेढे वाटले जातात, विहारात सत्कार होतो, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो फिरतो. फी माफ होते का, शिष्यवृत्ती कधी येते, यावर आपण बोलतो, निवेदने देतो, मोर्चेही काढतो. पण स्टेशनवर उतरल्यापासून पहिले दोन महिने हा मुलगा कुठे राहतो, काय खातो, कोणाला फोन करतो, याचा हिशेब समाज म्हणून आपण ठेवत नाही. ही अडचण त्या मुलाची आणि त्याच्या बापाची, असे धरून चालतो. या दोन महिन्यांत शासनाचे पैसे आलेले नसतात, शहरात ओळख नसते आणि घरमालक आडनाव विचारत असतो. शिक्षण अर्धवट सोडून गावी परतण्याचा विचार पहिल्यांदा याच काळात मनात येतो.

ही पोकळी भरण्याची जबाबदारी आधी शासनाची आहे आणि ती त्याच्याकडून वसूल केलीच पाहिजे. पण तोपर्यंतचे काम शहरात स्थिरावलेल्या आपल्या समाजाने अंगावर घ्यायला हवे, आणि त्यासाठी लागणारी जागा आपल्याकडे आधीपासून आहे, असे या लेखाचे म्हणणे आहे.

खोली मागताना विचारले जाणारे प्रश्न

पुण्याच्या पेठांमध्ये नवा आलेला मुलगा सहसा खोली शोधत नाही, कॉट शोधतो. एका खोलीत चार-पाच कॉट, सामाईक बाथरूम, बाहेर मेस आणि दिवसभर अभ्यासिका, असे ते जगणे असते. मुंबईत, नागपुरात, छत्रपती संभाजीनगरात थोड्याफार फरकाने हेच चित्र आहे. कॉट मिळवण्याआधी जे प्रश्न येतात ते सगळ्यांना पाठ आहेत. नाव काय? पूर्ण नाव सांगा. गाव कुठले? वडील काय करतात? नॉनव्हेज खाता का? शेवटी काही जण सरळच विचारतात, 'कोणत्या समाजाचे?' उत्तर ऐकल्यावर 'खोली कालच गेली' किंवा 'घरात विचारून कळवतो' असे सांगितले जाते. तो फोन पुन्हा येत नाही.

हा आपल्या मनाचा संशय नाही, अभ्यासकांनी मोजलेली गोष्ट आहे. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व परिसरात भाड्याच्या घरांबाबत केलेला अभ्यास २०१५ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त प्रसिद्ध झाला. त्यात एकाच प्रकारच्या घरांसाठी उच्चजातीय, दलित आणि मुस्लिम नावाने चौकशी करण्यात आली. फोनवरच्या चौकशीत सुमारे १८ टक्के दलितांना आणि सुमारे ३१ टक्के मुस्लिमांना थेट नकार मिळाला. आणखी कितीतरी जणांना जास्त भाडे किंवा जाचक अटी सांगण्यात आल्या. उच्चजातीय नावांना नकाराचा हा अनुभव आला नाही. त्याआधी २००७ मध्ये थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी नोकरीच्या जाहिरातींना अर्ज पाठवून अशीच पाहणी केली होती. पात्रता सारखी असूनही दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता कमी होती.

शहरात जात विरघळते, हे अर्धे सत्य आहे. बसमध्ये, लोकलमध्ये, मॉलमध्ये ती विरघळते. राहण्याच्या जागेत ती टिकून राहते. २००१ च्या जनगणनेच्या आधारे सात महानगरांचा अभ्यास झाला, तेव्हा या शहरांतली वॉर्डनिहाय विभागणी आर्थिक स्तरापेक्षा जातीनुसार अधिक तीव्र असल्याचे दिसले. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याच्या संकुचितपणावर कठोर टीका केली होती. आपल्या लोकांना त्यांनी शहराची वाट दाखवली. ती वाट बरोबरच होती. मात्र शहराच्या दारावरही कोणीतरी उभा आहे, हे त्यांनी स्वतः आधीच भोगलेले होते.

बडोदा, १९१७

सप्टेंबर १९१७ मध्ये बाबासाहेब नोकरीसाठी बडोद्याला गेले तेव्हा त्यांचे वय २६ होते. कोलंबिया विद्यापीठात शिकून आणि लंडनमध्ये पुढचा अभ्यास सुरू करून ते परतले होते. तरीही शहरात उतरायला जागा नव्हती. हिंदू हॉटेलात अस्पृश्याला प्रवेश मिळणे शक्य नव्हते. म्हणून पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. दिवसाला दीड रुपया द्यायचा, वरच्या मजल्यावरच्या अंधाऱ्या दालनात एकट्याने रात्र काढायची. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले डझनभर लोक जिन्यावर चढून आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास त्यांनी बजावले. बाबासाहेब शहरातल्या दोन मित्रांकडे गेले. एक हिंदू होता, एक ख्रिस्ती. दोघांनीही आपापल्या घरची अडचण सांगितली. शेवटी कामाठी बागेत बसून त्यांनी वेळ काढली आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी हे सगळे लिहून ठेवले आहे. २३ सप्टेंबरला त्या बागेजवळच्या संकल्पभूमीवर आपण जमतो ते याच आठवणीने.

या प्रसंगाकडे आपण बहुधा अपमान आणि संकल्प या दोनच अंगांनी पाहतो. त्याला तिसरे अंगही आहे. त्या शहरात आपल्या माणसांचे असे एकही ठिकाण नव्हते, जिथे हा तरुण त्या रात्री हक्काने दार ठोठावू शकला असता. नोकरी होती, पदव्या होत्या, महाराजांचा आधार होता. फक्त रात्र काढायला जागा नव्हती, आणि तेवढ्यावरून नोकरी गेली.

त्याच्या आधी चार वर्षे, १९१३ मध्ये, ते न्यूयॉर्कला पोहोचले तेव्हाही नवखेच होते. सुरुवातीला जागा बदलाव्या लागल्या, जेवण मानवेना. नंतर विद्यापीठाच्या लिव्हिंगस्टन हॉलमध्ये नवल भथेना यांच्यासोबत खोली मिळाली आणि जन्मभराची मैत्री जुळली. भथेना पारशी होते. पुढे पैशांच्या अडचणीत त्यांनी बाबासाहेबांना अनेकदा हात दिला. वसतिगृहातली एक खोली आणि एक मित्र मिळाला की काय घडू शकते आणि ते न मिळाल्यास काय होते, हे दोन्ही त्यांनी पाहिले होते. म्हणूनच चळवळ उभारताना त्यांनी वसतिगृहाला पहिल्या कामांत स्थान दिले. बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ ची, आणि जानेवारी १९२५ मध्ये सोलापूरला तिचे वसतिगृह सुरू झाले. पुढे १९५० साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय निघाले, तेव्हा नागसेनवनात वर्गखोल्यांच्या बरोबरीने मुलांच्या राहण्याचीही सोय उभी राहिली. मराठवाड्यातल्या किती घरांची पहिली पदवी त्या वसतिगृहांच्या खोल्यांतून आली, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

योजनेचे गणित

आज शासनाची मागासवर्गीय मुला-मुलींची चारशेहून अधिक वसतिगृहे आहेत. मोठ्या शहरांत अर्ज जास्त, जागा कमी. ज्यांना जागा मिळत नाही, त्यांच्यासाठी २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. अकरावीपासून पुढे शिकणाऱ्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना भोजन, निवास आणि निर्वाहासाठी थेट बँक खात्यात रक्कम मिळते. योजना चांगली आहे आणि हजारो मुले तिच्यावर शिकली आहेत. पण तिचे गणित एकदा मांडून पाहू.

पुणे, मुंबई, नागपूर यांसारख्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरले. त्यात भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. शैक्षणिक वर्ष दहा महिन्यांचे धरले तर राहण्यासाठी महिन्याला २,००० आणि जेवणासाठी ३,२०० रुपये होतात. पुण्याच्या मध्यवस्तीत २,००० रुपयांत कॉट शोधून दाखवावी. योजना सुरू झाली तेव्हा ठरलेला हा आकडा वर्षानुवर्षे तसाच राहिला. मेसचा दर आणि खोलीचे भाडे मात्र दरवर्षी वाढत गेले. रक्कम महागाई निर्देशांकाला जोडावी ही मागणी म्हणूनच रास्त आहे आणि ती सातत्याने लावून धरावी लागेल.

दुसरी अडचण रकमेइतकीच मोठी आहे. ती वेळेची. वसतिगृहाची यादी लागते, नाव नाही हे कळते, मग स्वाधारचा अर्ज, कागदपत्रांची तपासणी, हजेरीचा दाखला, मंजुरी, निधीची उपलब्धता, आणि मग हप्ता. खोलीची अनामत मात्र पहिल्या दिवशी भरावी लागते. मेसचे पैसे महिन्याच्या सुरुवातीला आगाऊ द्यावे लागतात. म्हणजे जुलैतला खर्च भागवणारे पैसे दिवाळीनंतर किंवा त्याहून उशिरा येतात. मधल्या काळात बाप व्याजाने पैसे काढतो, आई बचत गटातून कर्ज घेते, मुलगा रात्री डिलिव्हरीचे काम धरतो आणि सकाळी लेक्चरला झोपतो. शेतमजुराच्या घरात हे पाच-दहा हजार उभे करणे म्हणजे काय, हे फक्त अनुदानाचा तक्ता पाहून कळत नाही.

मुलींच्या बाबतीत हीच गोष्ट अधिक कठीण होते. मुलगा चार दिवस मित्राच्या खोलीवर काढू शकतो, वेळ पडली तर स्टेशनवरही बसतो. मुलीसाठी सुरक्षित जागा पहिल्या दिवसापासून लागते. ती मिळाली नाही की घरचे म्हणतात, राहू दे, तालुक्याच्याच कॉलेजला जा. असे किती प्रवेश सोडून दिले जातात, याची नोंद कोणत्याच कार्यालयात होत नाही.

कायदा काय म्हणतो?

जात विचारून खोली नाकारली तर काहीच करता येत नाही, असा समज आपल्या कार्यकर्त्यांतही आहे. तो पूर्ण खरा नाही. नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ च्या कलम ४ मध्ये कोणत्याही वस्तीत राहण्याची जागा घेण्यास, बांधण्यास किंवा तिथे राहण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणे हा गुन्हा मानला आहे. कलम ५ लोकांसाठी चालवल्या जाणाऱ्या शिक्षणसंस्थांना आणि त्यांच्या वसतिगृहांना लागू होते. कलम १२ नुसार, असे कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडले तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झाले असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते हे समोरच्याने सिद्ध करायचे असते. लोकांदेखत जातीवरून अपमान किंवा शिवीगाळ झाली तर अत्याचार प्रतिबंधक कायदा आहेच. त्यासाठी १४५६६ ही राष्ट्रीय हेल्पलाइनही आहे.

मर्यादाही समजून घ्यायला हव्यात. घरमालक कारण सांगत नाही, 'खोली गेली' म्हणतो, तिथे पुरावा जमवणे अवघड असते. संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकाने, हॉटेले, पाणवठे यांचा उल्लेख आहे, खासगी घरभाड्याचा नाही. २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सदस्यत्व आपल्याच समाजापुरते ठेवण्याचा संस्थेचा नियम ग्राह्य धरला. भाड्याच्या घरांतील भेदभावाविरुद्ध स्पष्ट, स्वतंत्र तरतूद व्हावी ही मागणी आपल्या संघटनांच्या यादीत अजून वर आलेली नाही. ती यायला हवी.

करारनाम्याबाबतही मुलांना माहिती द्यावी लागते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी केली नाही आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू जे सांगतो ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. अनामत बुडवणाऱ्या मालकाशी बोलताना एवढे माहीत असले तरी आवाजात फरक पडतो.

पूर्वी कोण सांभाळायचे?

मुंबईत हा प्रश्न आपल्या आज्या-पणज्यांनी एका पद्धतीने सोडवला होता. महाड, मंडणगड, खेड, दापोलीहून गिरणीत, गोदीत, रेल्वेत कामाला येणारा माणूस थेट गावकऱ्यांच्या खोलीवर उतरायचा. बीडीडी चाळीतली, बीआयटी चाळीतली किंवा नायगाव-परळकडची ती एक खोली. आत ट्रंकांच्या रांगा, पाळीप्रमाणे झोपणारी माणसे. जेवण खानावळीत. काम कोणाच्या तरी शब्दावर. गावाचे मंडळ, त्याची मुंबई शाखा आणि पुढे बौद्धजन पंचायत समितीसारखी संघटना, असा तो धागा असे. नव्या माणसाला कोण उतरवून घेणार, हा प्रश्न तिथे पडतच नसे. १९१२ च्या सुमारास आंबेडकर कुटुंबही परळच्या अशाच एका चाळीत दोन खोल्यांत राहत होते.

ती व्यवस्था गिरण्यांबरोबर ओसरली. आता बीडीडी चाळींच्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांच्या जागी ५०० चौरस फुटांची घरे होत आहेत. ही चांगलीच गोष्ट आहे, पिढ्यान्‌पिढ्या दाटीत राहिलेल्या कुटुंबांचा तो हक्क आहे. पण दार बंद होणाऱ्या फ्लॅटमध्ये गावाकडचा पोरगा महिनाभर ठेवून घेण्याची रीत आपोआप येत नाही. शिवाय आज नवखा येतो तो बहुतेक शिकायला, आणि तो मुंबईपेक्षा पुण्याला, नागपूरला, संभाजीनगरला येतो. त्याच्या गावाची खोली तिथे नसते.

आणि तरीही आपण शहरात कमी नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशातल्या बौद्धांपैकी सुमारे ४३ टक्के शहरांत राहतात. एकूण लोकसंख्येत हे प्रमाण सुमारे ३१ टक्के आहे. पुण्यात ताडीवाला रोड, येरवडा, बोपोडी, दापोडी, पिंपरी, देहूरोड या भागांत आपल्या जुन्या वस्त्या आहेत. देहूरोडला तर १९५४ मध्ये खुद्द बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. या प्रत्येक ठिकाणी विहार आहे. सदाशिव पेठेत कॉट शोधणाऱ्या मुलाला त्याचा पत्ता नसतो आणि विहारातल्या मंडळींना त्या मुलाचा.

आगंतुक आणि आवासिक

भगवान बुद्धांच्या संघात हा प्रश्न रोजचा होता. भिक्खू चारिका करत, नव्या विहारात पोहोचत. विनयपिटकातील चुल्लवग्गात 'वत्तक्खन्धक' नावाचा भाग आहे. त्यात येणाऱ्याची कर्तव्ये 'आगन्तुकवत्त' म्हणून आणि तिथे आधीपासून राहणाऱ्यांची कर्तव्ये 'आवासिकवत्त' म्हणून स्वतंत्रपणे सांगितली आहेत. आवासिक भिक्खूने वडीलधारा पाहुणा येताना दिसला की आसन मांडायचे, पाय धुवायला पाणी ठेवायचे, पुढे होऊन त्याचे पात्र-चीवर घ्यायचे, प्यायला पाणी विचारायचे. मग त्याला राहण्याची जागा दाखवायची. भिक्षेला कुठे जावे आणि कुठे जाऊ नये, शौचाची जागा कुठे, पाणी कुठे, संघाचे नियम काय, कोणत्या वेळी आत यायचे आणि कोणत्या वेळी बाहेर पडायचे, हे सांगायचे. पाहुणा वयाने लहान असेल तर त्यालाही पात्र-चीवर कुठे ठेवायचे, कुठे बसायचे, हे सांगायचे. येणाऱ्यानेही मनमानी करायची नाही. नम्रपणे यायचे, विचारून जागा घ्यायची, जागा झाडून स्वच्छ ठेवायची.

यात उपदेश कमी आणि व्यवहार जास्त आहे. नव्या ठिकाणी आलेल्या माणसाला पहिल्या तासात जे जे लागते, ते सगळे त्या यादीत आहे. आजच्या शब्दांत सांगायचे तर मेस कुठली परवडते, कोणत्या एजंटापासून लांब राहायचे, रात्री गेट किती वाजता बंद होते, समाज कल्याणच्या कार्यालयात कोणत्या खिडकीवर जायचे, हीच ती माहिती. ती नव्या माणसाने धडपडून मिळवावी, असे विनय म्हणत नाही. जो आधीपासून राहतो, त्याने ती पुढे होऊन द्यायची आहे.

आपल्याकडे योगायोगाने वेळही जुळून येते. आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि आश्विन पौर्णिमेपर्यंत चालतो. याच महिन्यांत प्रवेश होतात, वसतिगृहाच्या याद्या लागतात, स्वाधारचे अर्ज भरले जातात. आणि याच महिन्यांत एरवी रविवारपुरते उघडणारे आपले विहार रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या वाचनासाठी उघडे असतात. माणसे जमलेली असतात. त्यांत निवृत्त कारकून असतो, शिक्षिका असते, बँकेतला, महापालिकेतला कर्मचारी असतो, एखादा वकील असतो. वाचनानंतरचा अर्धा तास मिळाला तरी पुरेसा आहे.

विहार समितीला काय करता येईल?

पहिले काम दोन नावांचे. प्रत्येक विहाराच्या फलकावर एका उपासकाचे आणि एका उपासिकेचे नाव व फोन नंबर लावावा आणि तोच नंबर जिल्ह्यांच्या ग्रुपवर मेअखेर पाठवावा. परभणीच्या बापाला पुण्यातला एक विश्वासाचा नंबर मिळाला, तर मुलीचा प्रवेश वाचू शकतो.

दुसरे काम यादीचे. वस्तीतल्या कोणाकडे खोली, कॉट किंवा डबा आहे, कोणता घरमालक जात न विचारता जागा देतो, कोणत्या अभ्यासिकेची फी परवडते, याची वही ठेवावी. ज्यांची स्वतःची घरे झाली आहेत, त्यांनी आपल्याच मुलांकडून चढे भाडे घेऊ नये, हेही तिथे स्पष्ट बोलले जावे.

तिसरे, पहिल्या पंधरा दिवसांचा निवारा. सभागृह असेल तिथे मुलांची सोय करता येते. मुलींसाठी उपासिकांनी पुढाकार घेऊन घरे नोंदवावीत. ओळखपत्राची प्रत, पालकांशी बोलणे, पोलिसांकडे द्यायची माहिती आणि मुदतीचा नियम या गोष्टी सुरुवातीलाच ठरवल्या तर पुढचे वाद टळतात.

चौथे, अनामत निधी. वीस मुलांना प्रत्येकी ५,००० रुपये बिनव्याजी दिले तर एक लाख रुपये लागतात. स्वाधारचा हप्ता आला की मुलाने परत करायचे, म्हणजे तेच पैसे पुढच्या वर्षी कामी येतात. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेवर किती खर्च होतो, हे प्रत्येक समितीने आपल्याच हिशेबवहीत पाहावे.

पाचवे, कागदांची संध्याकाळ. आठवड्यातून एकदा वसतिगृह, स्वाधार, महाडीबीटी, जात पडताळणी, भाडेकरार यांचे अर्ज एकत्र बसून भरावेत. ज्यांना जातीवरून खोली नाकारली गेली, त्यांची तारीख, ठिकाण आणि नेमके शब्द याच वेळी नोंदवून ठेवावेत. एकट्या मुलाची तक्रार हवेत विरते. पन्नास नोंदी घेऊन समाज कल्याण आयुक्तांकडे किंवा अनुसूचित जाती आयोगाकडे गेलो तर उत्तर द्यावे लागते.

यावर काही आक्षेप येतील. विहार म्हणजे धर्मशाळा नव्हे, असे म्हटले जाईल. विहार या शब्दाचा अर्थच राहण्याचे ठिकाण असा आहे, हे त्यांनी लक्षात घ्यावे. कोणत्या गटाचा विहार, कोणत्या पक्षाचे कार्यकर्ते, यावरून ओढाताण होईल. तिथे एकच नियम पुरे, नव्या मुलाला त्याचा गट विचारायचा नाही. आणि दार फक्त बौद्ध मुलांपुरते ठेवू नये. मातंग, चर्मकार, आदिवासी, भटके, मुस्लिम मुलांनाही हाच नकार ऐकावा लागतो. आपल्याला नकार देणाऱ्यांचा नियम आपण आपल्या दारावर लावायचा नाही.

नव्याने आलेल्या मित्र-मैत्रिणींसाठी

आडनाव लपवावे का, हा प्रश्न तुमच्यापैकी अनेकांना पडतो. रात्र काढायची सोय नसताना कोणी काय सांगितले, यावरून त्याची परीक्षा घेण्याचा अधिकार कोणालाच नाही. बाबासाहेबांवरही ती वेळ आली होती. पण लपवलेल्या नावाने राहण्याचा रोजचा ताण मोठा असतो. बोलताना शब्द तोलावे लागतात, बाबासाहेबांचा फोटो ट्रंकेत ठेवावा लागतो, जयंतीला गावी गेल्याचे खोटे कारण द्यावे लागते. म्हणून जिथे खऱ्या नावाने राहता येईल, अशी जागा थोडी लांब असली तरी शोधा. त्यासाठी आपल्या माणसांची मदत मागण्यात कमीपणा नाही.

करार लेखी करा, अनामतीची पावती घ्या, खोलीचे फोटो काढून ठेवा. दाखल्यांच्या प्रती फोनमध्ये आणि ईमेलवर ठेवा. राजगृहाच्या सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला दिलेल्या उपदेशात भगवंतांनी खरा मित्र आणि मित्राचे सोंग घेणारा यांतला फरक सविस्तर सांगितला आहे. कमाईचे चार भाग करून एक भाग अडीअडचणीसाठी राखावा, असेही त्यात आहे. घरापासून दूर पहिल्यांदा पैसे हाताळणाऱ्याला या दोन्ही गोष्टी कामाच्या आहेत.

फक्त आपल्या वस्तीत आणि आपल्याच मुलांत राहू नका. ग्रंथालय, अभ्यास गट, नाटक, खेळ यांसाठीच तर शहरात आलो आहोत. वेगवेगळ्या घरांतून आलेली माणसे तिथे भेटतील, आणि त्यांत एखादा नवल भथेनाही असेल.

मन खचले तर गप्प बसू नका. हैदराबाद विद्यापीठात वसतिगृहातून काढलेल्या पाच विद्यार्थ्यांनी आवारात तंबू ठोकून त्याला 'वेलिवाडा' म्हटले होते. त्यांच्यातला रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ ला आपण गमावला. २०१९ च्या मे महिन्यात मुंबईत डॉ. पायल तडवी गेल्या. दोघेही घरापासून लांब, शिकण्यासाठी गेलेले होते. त्यांच्यासाठी आपण रस्त्यावर उतरलो, उतरायलाच हवे होते. पण एखादी मुलगी खोलीत एकटी बसून रडत असताना तिच्या दारावर थाप मारणारे कोणीतरी असणे, हे त्याच्या कितीतरी आधीचे काम आहे. शासनाची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे. तो नंबर फोनमध्ये ठेवा, आणि त्याच्या शेजारी जवळच्या विहारातला एक नंबरही.

पुढच्या वर्षावासाची तयारी करताना विहार समित्यांनी आपल्या बैठकीत एवढा एकच विषय घ्यावा : आपल्या परिसरात यंदा किती नवी मुले-मुली राहायला आली, आणि त्यांतल्या किती जणांची नावे आपल्याला माहीत आहेत? उत्तर शून्य असेल, तर कामाची सुरुवात फलकावर दोन नावे लिहिण्यापासून करता येईल.

जय भीम. नमो बुद्धाय.